३५ मिमी स्लाइड-निगेटिव्हसाठी फिल्म स्कॅनर: दोन दिवसांच्या चाचणीत नेमकं काय तपासायचं?

पारदर्शी:
एक कौटुंबिक संग्रह डिजिटल करायचा आहे. सगळं ३५ मिमी. माउंट केलेल्या साधारण १८०० स्लाइड, त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त कोडाक्रोम (कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म). शिवाय सहा-सहा फ्रेमच्या सुमारे २५० निगेटिव्ह पट्ट्या, निम्म्या रंगीत आणि निम्म्या कृष्णधवल. बहुतेक माउंट पुठ्ठ्याचे आहेत, काही प्लास्टिकचे, थोडे काचेचे.

दोन यंत्रं समोर आहेत. एक जुनं, वापरलेलं, ४००० पीपीआयचं (एका इंचात किती पिक्सेल), ऑटोफोकस असलेलं. दुसरं कोरं, त्याच्या खोक्यावर ७२०० पीपीआय आणि डीमॅक्स ४.० (किती गडद भाग वाचता येतो त्याचं माप) छापलंय, पण फोकस स्थिर आहे. दोन्ही दोन-दोन दिवस वापरून बघायला मिळतील, मग ठरवायचं. मुख्य हेतू जतन. कधीतरी ४० × ६० सेंमीची प्रिंट काढली जाईल, त्याहून मोठी नाही.

दोन दिवसांत कोणत्या चाचण्या करू, कोणत्या फ्रेम निवडू, आणि कशावरून यंत्र नाकारायचं ते कृपया सांगा.

रेषाजोडी:
आधी प्रिंटचा हिशोब करून टाका म्हणजे ७२०० चं दडपण उतरेल. २४ × ३६ मिमीची फ्रेम ४००० पीपीआयने स्कॅन केली की ३७८० × ५६६९ पिक्सेल मिळतात, म्हणजे २१ मेगापिक्सेलच्या थोडं वर. तेवढ्यात ४० × ६० सेंमीची प्रिंट बरोबर २४० पीपीआयने निघते. तुमच्या कामाला हे पुरेसं आहे, फक्त ते ४००० खरे असायला हवेत.

खोक्यावरचा आकडा एवढंच सांगतो की सेन्सर आणि मोटर मिळून एका इंचात किती ठिकाणी मोजमाप घेतात. लेन्स त्यातलं किती पोचवते, फोकस लागलाय का, मोटर सारख्या पावलांनी सरकते का, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. म्हणून मोजायचं ते प्रत्यक्ष रिझोल्यूशन.

त्यासाठी काचेवर क्रोमने छापलेलं यूएसएएफ १९५१ टार्गेट (बारीक होत जाणाऱ्या पट्ट्यांचा प्रमाण तक्ता) मिळवा. स्लाइडच्या आकाराचं मिळतं. कागदावरून फोटो काढून बनवलेलं टार्गेट नको, कारण मग तुम्ही तो कॅमेरा आणि ती फिल्म तपासत बसता. टार्गेट ठेवताना क्रोमची बाजू तिथेच यायला हवी जिथे एरवी इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) असतं, नाहीतर काचेच्या जाडीएवढा फोकस चुकेल आणि दोष यंत्रावर जाईल. शार्पनिंग, धूळ काढणं, नॉइज कमी करणं, सगळं बंद. १६ बिट, कमाल पीपीआय.

आता १०० टक्क्यांवर उघडून पाहा. टार्गेटच्या प्रत्येक घटकात तीन आडव्या आणि तीन उभ्या पट्ट्या असतात. मोठ्या घटकांपासून आत सरकत जा. पट्ट्यांमधली पांढरी फट आधी मळकी होते, मग करडी, मग तिन्ही पट्ट्या मिळून एकच डाग उरतो. त्याच्या आधीचा, तिन्ही पट्ट्या तीनच मोजता येतील असा शेवटचा घटक धरायचा. इथे एक फसवणूक होते ती सांभाळा. मर्यादा ओलांडल्यावर पुढच्या एखाद्या घटकात पुन्हा स्पष्ट रेषा दिसू लागतात, पण मोजल्या तर दोनच भरतात. ती नक्षी पिक्सेलच्या जाळीने तयार केलेली असते, तो तपशील नव्हे.

एक काळी पट्टी आणि शेजारची फट मिळून एक रेषाजोडी. त्या घटकाचा मिमीमागे रेषाजोड्यांचा आकडा गुणिले ५०.८ म्हणजे खरे पीपीआय. गट ५ मधला घटक ६ म्हणजे मिमीला ५७ रेषाजोड्या, म्हणजे साधारण २९००. गट ६ घटक १ म्हणजे ६४, म्हणजे ३२५०. गट ६ घटक २ म्हणजे ७१.८, म्हणजे ३६५०. ४००० पीपीआयच्या यंत्राची तात्त्विक सीमाच ७८-७९ रेषाजोड्या आहे, त्यामुळे त्यातून ६४ ते ७२ निघाले तर ते यंत्र उत्तम अवस्थेत आहे असं खुशाल समजा. ७२०० च्या यंत्राकडून कागदावर १४१ अपेक्षित आहेत. तेवढे येणार नाहीत. स्थिर फोकसच्या छोट्या यंत्रांत निम्म्याच्या आसपास मिळाले तरी ते नेहमीचंच आहे.

आडव्या आणि उभ्या पट्ट्या वेगळ्या नोंदवा. एक दिशा सेन्सरची, दुसरी मोटरच्या चालीची. दोन्हींत एका घटकाचा फरक चालतो, तीन घटकांचा असेल तर मोटर किंवा तिचा दांडा झिजलाय. शेवटी टार्गेट चारही कोपऱ्यांकडे सरकवून तेच परत करा.

टार्गेट वेळेत मिळालं नाही तर ४०० आयएसओची एखादी कृष्णधवल निगेटिव्ह घ्या. चांदीचा ग्रेन (फिल्ममधले बारीक कण) हेच फुकटचं टार्गेट. मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत तो सारखाच टोकदार दिसला पाहिजे. आणि नव्या यंत्रावर एकच फ्रेम ३६०० ने आणि ७२०० ने स्कॅन करा, ३६०० वाली दुपटीने मोठी करून शेजारी ठेवा. फरक शोधावा लागत असेल तर ७२०० ने फक्त फाइल फुगते. १६ बिटमध्ये ४००० पीपीआयची फ्रेम सुमारे १२८ एमबी, ७२०० ची ४१७ एमबी.

सावलीतलं:
रेषाजोडी यांनी रिझोल्यूशनचं सगळं सांगितलंय, म्हणून मी फक्त काळ्या भागाबद्दल लिहितो. स्लाइडच्या बाबतीत यंत्र नापास होतं ते बहुतेकदा तिथेच.

डीमॅक्स ४.० हा आकडा पुष्कळदा मोजलेला नसतो, बिटांवरून काढलेला असतो. १२ बिटांत मावणाऱ्या पातळ्यांचा लॉगॅरिदम ३.६ येतो, १४ बिटांचा ४.२, १६ बिटांचा ४.८. सेन्सरचा नॉइज आणि लेन्समधला विखुरलेला प्रकाश त्यात धरलेला नसतो. रंगीत निगेटिव्हची घनता क्वचितच ३ च्या वर जाते, तिथे कुठलंही बरं यंत्र निभावून नेतं. स्लाइडचा काळा मात्र ३.५ च्या पुढे जातो.

तीन तपासण्या करा.

पहिली. स्लाइड फिल्मचा धुतलेला पण प्रकाश न पडलेला तुकडा, म्हणजे रिळाच्या शेवटचा पूर्ण काळा भाग, माउंटमध्ये असा बसवा की अर्ध्या खिडकीत फिल्म आणि उरलेल्या अर्ध्यात धातूची पातळ अपारदर्शक पट्टी. ऑटो एक्स्पोजर बंद करून स्कॅन करा आणि लेव्हल्सने (सॉफ्टवेअरमधली उजळपणा बदलायची सोय) सावल्या भरपूर उचला. फिल्मचा काळा आणि धातूचा काळा यांत सीमारेषा दिसली तर यंत्राला ती घनता खरोखर दिसतेय. दोन्ही एकाच गढूळ करड्यात मिसळले तर त्या खालचा तपशील तुमच्या स्लाइडमधूनही येणार नाही.

दुसरी. तशाच काळ्या तुकड्याला कागद पंच करायच्या यंत्राने एक भोक पाडा आणि स्कॅन करा. भोक शुभ्र, भोवती काळं. भोकाची कड कशी आहे ते नीट पाहा. जुन्या यंत्रांत आतल्या आरशावर आणि लेन्सवर धूळ बसते, मग भोकाभोवती धुक्यासारखं वलय येतं, कधी ते एकाच दिशेला ओघळल्यासारखं पसरतं. खऱ्या स्लाइडमध्ये हेच धुकं काळ्या खोलीतल्या खिडकीभोवती किंवा डोंगरकडेला आकाशालगत दिसतं. ही धूळ साफ करता येते, पण त्यासाठी यंत्र उघडावं लागतं. आरसा पुढच्या पृष्ठभागावर मुलामा दिलेला असतो, कापडाने घासला तर कायमचा ओरखडा पडतो. हे काम जमणारा माणूस हाताशी नसेल तर वलय देणारं यंत्र घेऊ नका.

तिसरी. सर्वांत काळी खरी स्लाइड एकदा साध्या पद्धतीने आणि एकदा मल्टी-सॅम्पलिंगने (तेच अनेकदा वाचून सरासरी काढणं) स्कॅन करा. नॉइज वर्गमुळाच्या हिशोबाने उतरतो. ४ वाचनांत निम्मा, १६ वाचनांत पाव. यंत्र एकाच ओळीवर थांबून पुन्हा पुन्हा वाचत असेल तर प्रतिमा हलत नाही. पण संपूर्ण फ्रेम परत परत फिरून वाचत असेल तर फेऱ्या तंतोतंत एकमेकींवर बसत नाहीत आणि नॉइजबरोबर बारीक तपशीलही जातो. मल्टी-एक्स्पोजर ही वेगळी गोष्ट आहे. त्यात दुसरी फेरी जास्त वेळ प्रकाश घेते, त्यामुळे सावल्यांना खरा फायदा होतो, फक्त फेऱ्या जुळण्याचा प्रश्न तिथेही आहेच.

चंदेरी:
तुमच्या संग्रहात कोडाक्रोम आणि कृष्णधवल इतकी आहे की धूळ काढण्याच्या इन्फ्रारेड सोयीवर विसंबून हिशोब करू नका.

ती सोय अशी चालते: रंगीत फिल्मची रंगद्रव्यं इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात. म्हणून चौथ्या चॅनलमध्ये चित्र नाहीसं होऊन फक्त कचरा उरतो आणि सॉफ्टवेअर तो भरून काढतं. साध्या कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं, आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. सॉफ्टवेअरला अख्खं चित्रच कचरा वाटतं. अपवाद इल्फर्ड एक्सपी२ सारख्या सी-४१ मध्ये (रंगीत निगेटिव्हची धुलाई) धुतलेल्या कृष्णधवल फिल्मचा, तिच्यात शेवटी चांदी उरत नाही.

कोडाक्रोममध्ये चांदी नसते, पण तिचं सायन रंगद्रव्य इन्फ्रारेड थोडं अडवतं. त्यामुळे गडद भागांत ही सोय चुकते: चष्म्याच्या काड्या, केसांच्या बटा, झाडांच्या फांद्या यांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. छोट्या आकारात बघताना हे ध्यानात येत नाही, १०० टक्क्यांवरच बघा. निकॉनच्या कूलस्कॅन ९००० स्कॅनरमध्ये कोडाक्रोमसाठी सुधारित आवृत्ती होती. समोरच्या यंत्रात तशी नसेल तर कोडाक्रोमला ती सोय बंद ठेवा.

कोडाक्रोम ओळखायला माउंटवरचं नाव पुरतं. माउंट बदललेला असेल तर इमल्शनची बाजू दिव्याखाली तिरपी धरा. चित्र उठावासारखं वर आलेलं दिसतं, गडद आकारांच्या कडा बोटाच्या ठशासारख्या उजळतात. हा उठाव इतर स्लाइड फिल्ममध्ये इतका ठळक नसतो.

रंगाचंही तेच. यंत्राचं प्रोफाइल (रंग दुरुस्त करायची फाइल) सहसा ई-६ फिल्मवर (कोडाक्रोम सोडून नेहमीच्या स्लाइड फिल्म) बनवलेलं असतं, कोडाक्रोम त्यातून गेली की सावल्या निळ्या येतात. तिच्यासाठी कोडाक्रोमवरच छापलेलं आयटी८ टार्गेट (प्रमाण रंगतक्ता) लागतं. फिल्म २००९ मध्ये बंद झाली आणि तिची धुलाई २०१० च्या अखेरीस थांबली, त्यामुळे टार्गेट मिळतील ती जुनीच. नाहीच मिळालं तर एक नीट एक्स्पोज झालेली कोडाक्रोम, जिच्यात करडा दगड किंवा रस्ता आहे अशी, हाताने जुळवा आणि ती सेटिंग सगळ्या कोडाक्रोमसाठी साठवा. प्रत्येक स्लाइडला ऑटो कलर लावत बसलात तर संध्याकाळचा तांबूस उजेडही पुसला जाईल.

कृष्णधवलसाठी यंत्राचा प्रकाश तपासा. एकाच दिशेने येणारा कडक प्रकाश चांदीवर विखुरतो, त्यामुळे कॉन्ट्रास्ट वाढतो आणि प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. पसरट प्रकाशात तेच ओरखडे विरघळतात. दोन्ही यंत्रांवर एकच ओरखडलेली निगेटिव्ह फिरवा. अशा सुमारे साडेसातशे कृष्णधवल फ्रेम हाताने साफ करायला किती वेळ लागेल त्याचा अंदाज त्या एका फ्रेमवरून येईल.

पारदर्शी:
तिघांचेही आभार. पहिल्या फेरीचे निकाल देतो.

जुनं यंत्र: टार्गेटवर मध्यभागी दोन्ही दिशांना ६४, कोपऱ्यांतही ६४. पण पुठ्ठ्याच्या माउंटमधली खरी स्लाइड घातली की कोपरे मऊ येतात, ग्रेन दिसत नाही. भोकाभोवती वलय अगदी पुसट, लेव्हल्स खूप उचलल्यावरच जाणवतं. काळ्या स्लाइडमध्ये एक लालसर रेघ आहे, आरपार सरळ.

नवं यंत्र: एका दिशेने ६४, दुसऱ्या दिशेने ५७. ३६०० आणि ७२०० मध्ये किंचित फरक आहे. काही स्लाइड चांगल्या येतात, काही पूर्णच मऊ, अगदी मध्यभागीसुद्धा. फिल्म आणि धातू यांच्यातली सीमारेषा एकदा दिसते, एकदा नाही.

कोपऱ्यांचा दोष लेन्सचा समजायचा का? आणि ती लाल रेघ कशाची?

रेषाजोडी:
लेन्स निर्दोष आहे, तुमच्याच निकालात ते दिसतंय. काच सपाट असते आणि तिच्यावर कोपऱ्यांतही ६४ आले. स्लाइडमध्ये कोपरे गेले, म्हणजे फिल्म फुगलेली आहे. पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये वर्षानुवर्षं राहिलेली फिल्म मध्यभागी उचलली जाते, आणि या यंत्रांची फोकसची खोली फारच थोडी असते. ऑटोफोकस मध्यबिंदूवर लागतो, म्हणून कोपरे हातचे जातात.

उपाय दोन. फोकसचा बिंदू मध्यावरून काढून मध्य आणि कोपरा यांच्या साधारण निम्म्या अंतरावर ठेवा. मध्य किंचित सैल होईल, कोपरे सावरतील, एकूण फ्रेम सुधारेल. बहुतेक स्लाइडना एवढ्यावर भागतं. अगदी निवडक, मोठी प्रिंट काढायच्या स्लाइड पुठ्ठ्यातून काढून अँटी-न्यूटन काचेच्या माउंटमध्ये घाला. साधी काच लावू नका, फिल्म जिथे काचेला टेकते तिथे इंद्रधनुषी कडी येतात. त्याच कारणाने तुमचे आत्ताचे काचेचे माउंट आधी उघडून बघा. शिवाय काचेच्या दोन पाट्या म्हणजे धुळीला चार जादा पृष्ठभाग.

नव्या यंत्राचं निदान वेगळं आहे. काही स्लाइड पूर्ण मऊ येतात कारण फोकस स्थिर आहे आणि पुठ्ठा, प्लास्टिक, काच प्रत्येकाची जाडी वेगळी. फिल्म दरवेळी वेगळ्या उंचीवर बसते. पडताळायचं असेल तर मऊ आलेल्या स्लाइडच्या माउंटखाली साध्या ८० जीएसएम कागदाच्या कपट्या ठेवून पाहा. एका कपट्याची जाडी साधारण ०.१ मिमी. एक, दोन, तीन अशा वाढवत स्कॅन करा. मध्येच ग्रेन उमटला तर कारण सापडलं. खाली कपट्या घालून बिघडतच गेलं तर फिल्म आधीच जास्त उंच आहे, मग त्या होल्डरमध्ये काही करता येत नाही. तीन जातींच्या माउंटसाठी तीन वेगळ्या कपट्या १८०० वेळा सांभाळणं हे खरं काम नव्हे.

सावलीतलं:
लाल रेघेबद्दल. रेघ यंत्राच्या चालीच्या दिशेने आहे की आडवी, ते आधी ठरवा. चालीच्या दिशेने सलग रेघ म्हणजे सेन्सरच्या एका पिक्सेलचं कॅलिब्रेशन चुकलंय. ती सगळ्या स्लाइडवर अगदी त्याच जागी येईल. होल्डर पूर्ण बाहेर काढा, यंत्र बंद करून परत चालू करा, अर्धा तास तापू द्या, मग कॅलिब्रेशन करा. कॅलिब्रेशनच्या वेळी प्रकाशाच्या वाटेत होल्डरची कड किंवा धुळीचा एक कण जरी आला तरी ही रेघ जन्माला येते. तरीही राहिली तर धूळ सेन्सरपाशी आहे. चालीला आडव्या, ठरावीक अंतराने येणाऱ्या रेघा असत्या तर मोटरची शंका घेतली असती.

सीमारेषा कधी दिसते कधी नाही, त्यात ऑटो एक्स्पोजर चालू राहिलं असण्याची शक्यता आहे. ते बंद करून नव्या यंत्राला एक संधी द्या.

हिशोबी:
वेळेचा मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून थोडक्यात. १८०० स्लाइड आणि १५०० निगेटिव्ह मिळून ३३०० फ्रेम. फ्रेममागे ४ मिनिटं धरली तर २२० तास. ६ मिनिटं धरली तर ३३०. जुन्या यंत्राला स्लाइडचा फीडर जोडता येतो का विचारा, आणि जोडता येत असेल तर पुठ्ठ्याचे वाकलेले माउंट त्यात अडकतात का ते वीस-पंचवीस स्लाइड घालून बघा. कोपरे सुटलेले माउंट हमखास अडकतात.

जुनं यंत्र कुठल्या जोडणीचं आहे हेही बघून घ्या. फायरवायर (जुन्या प्रकारची केबल जोडणी) असेल तर ती जागा असलेला संगणक किंवा चालणारा अडॅप्टर आधी दाखवा म्हणावं. मूळ सॉफ्टवेअर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत नसेल तर व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्ट या दुसऱ्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये ते मॉडेल आहे याची खात्री करा. साठवणीला ४००० पीपीआय, १६ बिट टिफ धरून साधारण ४२० जीबी, आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. १६ बिट टिफला एलझेडडब्ल्यू (फाइल लहान करायची एक पद्धत) लावू नका, फाइल उलट वाढू शकते. झिप चालतं.

काचेखालचं:
कॅमेऱ्याचा पर्यायही मोजून ठेवा. २४ मेगापिक्सेलचा पूर्ण फ्रेम कॅमेरा आणि खरा १:१ मॅक्रो (वस्तू मूळ आकारात टिपणारी लेन्स) असेल तर ६००० × ४००० पिक्सेल मिळतात, म्हणजे साधारण ४२०० पीपीआय. लेन्सचं छिद्र एफ ८ च्या पुढे बंद करू नका, १:१ वर एफ ८ चा परिणाम एफ १६ सारखा होतो आणि विवर्तनाने (छोट्या छिद्रातून प्रकाश पसरल्याने) तपशील जातो. समांतरता जुळवायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मधोमध आणा. कृष्णधवल पट्ट्यांसाठी हा मार्ग सर्वांत जलद, इन्फ्रारेड तिथे तसंही निरुपयोगी. ई-६ स्लाइड आणि रंगीत निगेटिव्ह मात्र स्कॅनरवरच करा, धूळ काढायचे तास वाचतात.

पारदर्शी:
कॅलिब्रेशननंतर रेघ गेली. नव्या यंत्रावर ऑटो एक्स्पोजर बंद केल्यावर सीमारेषा दिसली, पण कपट्या घालून पुठ्ठ्याच्या स्लाइड सुधारल्या नाहीत, उलट बिघडल्या. जुनंच घेतोय. शेवटची शंका, रंगीत निगेटिव्हची. एकाच पट्टीतल्या सहा फ्रेमचे रंग सहा तऱ्हेचे येताहेत.

चंदेरी:
सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमवरून नारिंगी बेसचा (निगेटिव्ह फिल्मचा मूळ रंग) अंदाज नव्याने बांधतंय. व्ह्यूस्कॅनमध्ये दोन फ्रेममधल्या मोकळ्या जागेवर किंवा रिळाच्या कोऱ्या टोकावर छोटा क्रॉप ठेवून प्रिव्ह्यू घ्या, लॉक एक्स्पोजरला खूण करा. पुन्हा प्रिव्ह्यू, मग लॉक फिल्म बेस कलर. त्यानंतर पूर्ण क्रॉप ठेवून सहाही फ्रेम त्याच सेटिंगवर. फिल्मची जात बदलली किंवा रीळ बदललं की हे परत करायचं, एकाच जातीच्या दोन रिळांचा बेसही धुलाईनुसार वेगळा निघतो. आयटी८ प्रोफाइल निगेटिव्हला लावू नका, ते स्लाइडसाठीच असतं.

आणि स्कॅनआधी फक्त फुंकणीने धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका. बुरशीचे जाळीदार डाग दिसले तर पाणी अजिबात लावायचं नाही. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात सुटू लागतं आणि चित्रच निघून येतं. एखाद्या डबीतून व्हिनेगरचा वास आला तर त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा आणि स्कॅनिंगला पहिल्यांदा त्याच घ्या. तो ॲसिटेटचा बेस कुजत असतो, आणि पट्टी एकदा आक्रसून वळली की होल्डरमध्ये सपाट बसत नाही.